बेचाळिसावी सुई

"बसव्वा! ए बसव्वा! कान फुटल्यात व्हय गं तुझं? कवाधरनं वरडालोय!"

आक्काताई चौगुले सिस्टरांचा आवाज दवाखान्याच्या व्हरांड्यातून निघाला की थेट एसटीच्या थांब्यावर ऐकू जायचा. नेसरीजवळच्या त्या गावात भोंग्याची गरजच नव्हती. बसव्वा बाकावरून उठली, पदर सावरत आत आली आणि नेहमीसारखी हसली. त्या हसण्याचाही सिस्टरांना राग आला.

टीबीचा पेशंट म्हणजे सिस्टरांच्या डोक्याला ताप. रोज एक सुई, अशा साठ, शिवाय वर्षभर गोळ्या. पण पंधरा दिवसांत खोकला थांबला, अंगावर जरा मांस चढलं, की पेशंट गायब. कुणी जोतिबाला, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, आणि सहा महिन्यांनी रक्त ओकत परत. मागच्या वर्षी चिमणाबाई तिसाव्या सुईला पळाली ती गेलीच. तिच्या मयताला सिस्टर स्वतः गेल्या होत्या. तेव्हाच त्यांनी चंग बांधला होता, की पुढच्या पेशंटला साठच्या साठ टोचल्याशिवाय सोडायचं नाही. आणि पुढची पेशंट म्हणजे किराणा दुकानदार रुद्राप्पाची ही बायको.

बसव्वाबरोबर तिची लेक शांभवी यायची. गडहिंग्लजला बारावी सायन्सला होती आणि तिला प्रश्न फार पडायचे.

"ह्ये इंजेक्शन आत जाऊन करतंय काय, सिस्टर?" विसाव्या सुईच्या दिवशी तिने विचारलं.

आतल्या खोलीतून डॉक्टरांनीच सांगितलं, "जंतूच्या पेशीत रायबोसोम असतात. आलेला निरोप वाचायचा, त्याप्रमाणे एकेक अमिनो आम्ल जोडायचं आणि प्रथिन बनवायचं, हे त्यांचं काम. स्ट्रेप्टोमायसिन त्यांना जाऊन चिकटतं. मग निरोप चुकीचा वाचला जातो, भलतीच प्रथिनं तयार होतात आणि जंतू मरतो."

"म्हंजे आमच्या दुकानात चिठ्ठी येती गुळाची, आन् बाबा मीठ बांधून देत्यात, तसं?"

"अगदी तसं."

"पन सर, रायबोसोम आमच्याबी पेशीत हाईत की! मग औषध आमच्याला का चिकटत न्हाय?"

"आपले वेगळ्या घडणीचे असतात," म्हणून डॉक्टरांनी पुन्हा कागदात डोकं घातलं.

पोरीचं समाधान झालं नव्हतं. ती हळूच सिस्टरांना म्हणाली, "माझी दोड्डव्वा हाय न्हवं, ह्या अव्वाची थोरली भन, तिला असल्याच सुया दिल्यावर ऐकू यायचं बंद झालतं."

झालं. सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. "सगळ्या गावाला सुईतच खोट दिसती! तुझी दोड्डव्वा म्हातारी झाली, कान गेलं. तू आता ह्येच कारन सांग आन् अव्वाला घिऊन पळ! मग तिरडी बांधाय मला बलवू नको म्हंजे झालं!"

बसव्वाने मुकाट विसावी सुई घेतली आणि जाताना सिस्टरांना हात जोडले.

डिसेंबरात पोलिओच्या डोसाची पहिली मोहीम आली. वाडीवस्त्यांवर दोन दिवस हाका मारून सिस्टरांचा घसा पार बसला. तोंडातून नुसती हवा निघत होती. तशातच सकाळी बसव्वा बेचाळिसाव्या सुईला हजर झाली. सिस्टरांनी सुई टोचली, कापूस दाबला आणि विचारलं, "चक्कर-बिक्कर येती का?"

बसव्वा भिंतीवरचा पाळणा लांबवण्याचा तक्ता बघत होती.

"तुला इचारालोय! फुगून बसलीस व्हय?"

बसव्वा तक्ताच बघत राहिली. एक तर घसा दुखतोय, बाहेर चाळीस माणसं बसलीत, आणि ही बाई रुसवे धरते आहे. वैतागून सिस्टरांनी स्टीलचा ट्रे ओट्यावर आदळला. बाहेर कुणाचं तान्हं दचकून रडायला लागलं. बसव्वाची पापणीसुद्धा हलली नाही.

सिस्टरांनी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मग कानाशी वाजवली.

आता सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या स्वतः सदा ओरडून बोलायच्या. बसव्वाच्या घरात तर रुद्राप्पा दुकानातून मागच्या परड्यापर्यंत हाका मारायचा, आणि लेकही बापासारखीच ओरडून बोलायची. एवढ्या कल्लोळात उरल्यासुरल्या कानांवर काल-परवापर्यंत काहीतरी पडायचं, बाकीचं बसव्वा ओठांवरून आणि हसून निभावून न्यायची. हळू बोलणारं एक जरी माणूस तिच्या आसपास असतं, तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं.

सिस्टरांनी शांभवीला आत बोलावलं. तिने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "कधीपासून?"

"पंदरा दिस झालं," बसव्वा म्हणाली. "आधी कानात नुसतं घुमायचं."

शांभवीने लिहिलं, "सांगितलं का नाहीस?"

बसव्वाने सिस्टरांकडे बघितलं. "सिस्टर रागं भरल्या आसत्या. साठ व्हायला पायजेत म्हनल्या न्हवं."

त्या दिवशी सुई बंद झाली. गोळ्यांवर बसव्वाचा टीबी वर्षभरात बरा झाला. कान मात्र परत आले नाहीत. कुणी सिस्टरांना बोल लावला नाही, आणि त्याचाच त्यांना संताप यायचा. रुद्राप्पा रस्त्यात भेटला की "तुमच्यामुळं बायकू जित्ती हाय," म्हणायचा. त्यापेक्षा त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं.

सिस्टर निवृत्त झाल्या त्या वर्षी, म्हणजे दोन हजार चारला, शांभवी त्यांना घरी जेवायला घेऊन गेली. एम.एस्सी. करून ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. परड्यात बसव्वा चुलीपुढे भाकरी थापत होती. शांभवी सिस्टरांना बाहेरच्या सोप्यात बसवून सांगू लागली.

"डॉक्टरसाहेबांचं खोटं नव्हतं, सिस्टर. आपलं रायबोसोम वेगळंच हाईत. पन पेशीला ताकद पुरवनारी तंतुकणिका आसती, तिच्यात तिचं सोताचं रायबोसोम आसत्यात. ती जंतूसारखी. काही घरान्यांत त्यांच्या जनुकात एका अक्षराचा फरक पडतोय, मग ती जास्तच जंतूगत दिसत्यात. औषध फसतंय, तिथं चिकटतंय, आन् कानाच्या पेशी मरत्यात. ह्ये फक्त आईकडनं येतंय. दोड्डव्वाला व्हतं, अव्वाला हाय." तिने आपल्याच कानाला हात लावला. "मलाबी आसनार."

सिस्टरांनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि शांभवीच्या वहीवर गिचमिड न करता, एकेक अक्षर सुटं लिहिलं, 'हिला स्ट्रेप्टोमायसिन कधीही देऊ नये. हिच्या पोटच्या लेकरांनाही नाही.' खाली सही केली. तेव्हा पोरीचं ऐकलं असतं तर हेच नऊ वर्षांपूर्वी लिहिता आलं असतं, या विचाराने त्यांनी सहीखाली दोन रेघा ओढल्या.

मग त्या परड्यात गेल्या. धुरात बसलेल्या बसव्वावर सवयीने खेकसल्या, "आगं किती भाकरी थापशील! लगीन हाय व्हय घरात?"

बसव्वाने मान वर केली. "सिस्टर, वरडू नगा. घसा बसंल. मला दिसतंय की."

आक्काताई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून त्यांनी सांगितलं, माझं चुकलं.

बसव्वा त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, तिने ती उलटली.

"कळलं," ती म्हणाली. "आता जेवून जावा."