खाणीतली हाक

आमच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. सासरे टाच आपटतात. खाली संगमरवराचा कारखाना आणि वर घर, मधली जमीन लाकडी फळ्यांची, त्यामुळे आपटलेली टाच घरभर तळपायांना कळते. सगळे वळून बघतात, आणि मग हात बोलू लागतात. मूठ म्हणजे थांब, दोन बोटं म्हणजे काप, हनुवटीखालून तळवा सरकवला की जेवायला चला. दिवसभर करवत आणि कॉम्प्रेसर चालणाऱ्या घरात तोंडानं बोलून काय होणार? सासऱ्यांचे अर्धे कान त्या करवतीनंच खाल्लेत. नवऱ्याचेही चाललेत. लग्न होऊन मी ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या व्होलोसहून या बेटावर आले, तेव्हा ही हातांची भाषा शिकायला मला वर्ष लागलं. माझी रूला ती चालायच्या आधी शिकली.

सगळ्यांना कौतुक. "बघ कशी, आजोबांचीच नात!" म्हणून सासूबाई तिच्यावर तीनदा थुंकल्यासारखं करायच्या, दृष्ट नको म्हणून. रूलाचं पूर्ण नाव आर्गिरो, म्हणजे सासूबाईंचंच. त्यामुळे तिच्यात काही उणं काढलं, की ते त्यांना स्वतःला लागतं.

आणि मी उणं काढत होते.

रूला तीन वर्षांची झाली, तरी तिला 'मा', 'पा' आणि 'बा' एवढंच म्हणता यायचं. एक दिवस माझ्या लक्षात आलं, की हे सगळे ओठांवर दिसणारे आवाज आहेत. घशातून, दातांमागून येणारा एकही शब्द तिच्याकडे नव्हता. तेव्हापासून माझी झोप गेली. तिच्या पाठीमागे उभी राहून मी पातेलं वाजवायची, ती वळायची. "ऐकतेय की कोल्हीसारखी!" सासूबाई म्हणायच्या. पण ती भिंतीवर हललेली माझी सावली बघून वळायची, की फळ्यांतून पायाला कळून, हे मला ठरवता येईना. त्या घरात काहीच ठरवता येत नव्हतं.

सासूबाईंनी तिला चर्चमध्ये नेलं. बोलणं उघडावं म्हणून पाद्रीबाबांकडून चर्चच्या दाराची मोठी किल्ली तिच्या ओठांपाशी फिरवून घेतली. बेटावरच्या दवाखान्यातला नवा डॉक्टर म्हणाला, कान स्वच्छ आहेत, थोडी वाट बघा. नवरा, निकिफोरोस, म्हणाला, "अगं, मी स्वतः चौथ्या वर्षी बोललो. उन्हाळ्याची कामं उरकू दे, मग बघू." सगळे वाट बघायला तयार होते. मी शिकलेली आहे, थेस्सालोनिकीला बालशिक्षणाचा अभ्यास केलाय. बोलणं यायची वर्षं अशी पुन्हा पुन्हा मिळत नाहीत, हे मी परीक्षेत लिहून आले होते.

या घरात शेवटचा शब्द सासऱ्यांचा. म्हणून मला अशी जागा हवी होती जिथं लाकडी जमीन नाही, उजेड नाही आणि हातही दिसत नाहीत. आणि तिथं सासरे हवे होते.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात जेवताना मी विचारलं, "बाबा, रविवारी मला न् रूलाला जुन्या खाणीत न्याल?"

निकिफोरोस हसायलाच लागला. "तू? पोरगी पायरीवर चढली तरी 'पडेल, पडेल' करणारी तू? खाणीत?"

"मला बघायचीय."

"चार वर्षं बघायची नव्हती ती," सासूबाई म्हणाल्या. "थंडी असते तिथं, पोरीला बाधेल. हिच्या डोक्यात काहीतरी वेगळंच शिजतंय, सांगते मी."

सासरे मात्र खुलले. "नेतो की! आपलीच जागा आहे ती. माझा पणजोबा तिथंच राबला. आणि त्याच्या आधी ज्यांनी दिव्याच्या उजेडात देवांच्या मूर्तींसाठी दगड काढला, त्यांची तर नावंसुद्धा कुणाला ठाऊक नाहीत. बघू दे पोरीला."

शुक्रवारी मी एकटीच जाऊन सगळी जागा बघून आले होते. आत उतरल्यावर बोगदा जिथं रुंद होतो, तिथं जमीन सपाट आहे, जवळपास खड्डा नाही. परत येऊन दोन्ही बॅटऱ्यांचे सेल बदलले. भीती वाटत होतीच. भीती तर मला रोजच वाटते, तिच्यासाठी काम थांबवून चालत नाही.

रविवारी चर्चमधून थेट निघालो. उतारावर रानओवा फुलला होता, त्यावर मधमाश्या. खाणीच्या तोंडाशी सासरे वाकून आत शिरले, मागून रूलाला कडेवर घेऊन मी. पायाखाली चुऱ्याचे खडे घसरत होते. भिंतींवर अजून छिन्नीचे तिरके ओरखडे होते, एकाखाली एक, काल कुणी काम सोडून गेल्यासारखे. सासऱ्यांनी एक पातळ कपची उचलली, तिच्यामागे बॅटरी धरली. दगड आतून मेणासारखा उजळला. रूला खुदकन हसली आणि तिनं त्याला हात लावला.

सपाट जागा आली. मी तिला माझ्या जाकिटावर बसवलं, हातात ईस्टरचं लाल रंगवलेलं उकडलेलं अंडं दिलं, आणि म्हणाले, "बाबा, मी खाण बघायला आले नाही."

"मग?"

"हिला ऐकू येत नाही."

सासऱ्यांनी मान मागे टाकून च्च केलं. आमच्याकडे 'नाही' असंच म्हणतात, पण त्यात एवढा संताप मी आधी पाहिला नव्हता. "आलीस शेवटी तिथंच! आर्गिरो म्हणालीच होती. तोंडानं रोग लावतेस पोरीला!"

"दोन्ही बॅटऱ्या बंद करू. तुम्ही हिला हाक मारायची. तुमच्या आवाजाला ती वळली, रडताना क्षणभर जरी थांबली, तरी हा विषय माझ्या तोंडून पुन्हा निघणार नाही. हवं तर देवासमोर शपथ घेते. नाही थांबली, तर मंगळवारच्या बोटीनं मी हिला अथेन्सला नेणार. आणि घरच्यांना ते तुम्ही सांगायचं."

"अंधारात लेकराला भिववायचं?"

"हो. घरी भ्याली की ती आधी आपल्याकडे बघते. इथं बघता येणार नाही."

ते वळले. मग आठ-दहा पावलं पुढे गेले, आणि त्यांची बॅटरी विझली. मी माझी विझवली.

असा अंधार मी कधी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, तेही कळेना. आधी रूलाचा श्वास ऐकू आला, मग एक हुंदका.

"रूला!" सासऱ्यांनी हाक मारली. भिंतींवरून ती मोठी होऊन परत आली. "रूलाकी! ये, आजोबा इथं आहेत! इकडे ये, राणी!"

ती रडायला लागली. मीही बोलू लागले, तिच्या अगदी शेजारून, हात न लावता. "रूला, मी इथंच आहे. आई इथंच आहे बघ."

एकटं सोडलेलं मूल कसं रडतं, हे प्रत्येक आईला माहीत असतं. कुणाला तरी उद्देशून रडणं वेगळं. त्यात मधे थोडा खंड असतो, उत्तर येतं का म्हणून मूल थांबतं. रूलाच्या रडण्यात खंड नव्हता. दोन माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी ओरडत होती आणि ती जगात कुणीच उरलं नसल्यासारखी रडत होती.

माझं बोट बटणावर होतं. मी ते दाबलं नाही. अजून एक हाक, मी स्वतःला बजावलं, नाहीतर घरी गेल्यावर म्हणतील, तू घाई केलीस.

मग एक वेगळाच आवाज आला. सासरे टाच आपटत होते. एकदा, दोनदा, मग जोरात. खडकानं ते सगळं गिळून टाकलं.

"लाव!" ते ओरडले. "दिवा लाव, एवांथिया!"

बॅटरी लागली. रूलानं मला पाहिलं आणि त्याच क्षणी तिचं रडं अर्ध्यावर तुटलं. मी तिला छातीशी धरलं.

सासरे आले ते बडबडतच. "घाबरली होती ती. घाबरलेलं पोर ऐकत नाही कुणाचं. याला काय अर्थ आहे? निकिफोरोससुद्धा लहानपणी..." मी रूलाचे डोळे पुसले.

रूला पुन्हा जाकिटावर बसली. अंडं हातात होतंच. दिव्याच्या उजेडात ती एक-एक लाल टरफल काढून मांडीवर रांगेत ठेवू लागली. अंगठ्याचं नख कसं घालायचं, यातच तिचा सगळा जीव.

सासऱ्यांनी कमरेचा हातोडा काढला, खाणीत ते तो घेतल्याशिवाय येत नाहीत. मला खुणेनं जागच्या जागी बसवलं. तिच्यामागे गेले, सावली पडणार नाही अशा बाजूनं, आणि खडकाच्या भेगेत कुणीतरी जुन्या काळी ठोकून विसरलेल्या लोखंडी पाचरीवर त्यांनी घाव घातला.

माझ्या कानांत कळ गेली. वरच्या अंधारात कबुतरं फडफडली. सासऱ्यांनी स्वतःचे डोळे मिटले होते.

रूलानं आणखी एक टरफल रांगेत ठेवलं.

त्यांनी दुसरा घाव घातला नाही. हातोडा खाली ठेवून ते तिच्यासमोर उकिडवे बसले. तिनं सोललेलं अंडं त्यांच्या तोंडापुढे धरलं, पहिला घास आजोबांना. त्यांनी तो घेतला.

"मंगळवार कशाला?" ते म्हणाले. "उद्या सकाळी बोट आहे."

"उद्या तिकीट मिळेल?"

"बंदरावरचा मानोलिस माझ्या भावासारखा आहे. नाही मिळालं तर त्याच्या डोक्यावर बसवून नेऊ." मग हळू आवाजात, "मी येतो बरोबर. तुला एकटीला नाही जाऊ देणार."

"आणि आई?"

"आर्गिरोला मी सांगेन. तू बॅग भर. आणि ऐक, ती ओरडेल. ओरडू दे. तू उलट बोलू नकोस, पण बॅग भरणं थांबवू नकोस."

त्या ओरडल्याच. रात्रभर नाही, पण जेवणापासून झोपेपर्यंत. निकिफोरोस आधी बापाशी भांडला, मग माझ्याशी, आणि शेवटी उठून रूलाचं जाड जाकीट शोधायला गेला. मी कपडे घड्या घालत राहिले.

सकाळी बंदरावर सासूबाई पालक भरून भाजलेली पोळी घेऊन आल्या, टॉवेलात गुंडाळलेली, अजून गरम. "अथेन्समधलं काही खाऊ घालू नका तिला," म्हणाल्या. "आणि मी अजूनही सांगते, ऐकते ती. कान असतील जरा जड. तिच्या आजोबांचेही आहेत."

"हो आई."

"डॉक्टर काय म्हणतो ते सगळं सांगायचं मला. अर्धं नाही, सगळं."

"सगळं सांगेन."

मग त्या रूलासमोर गुडघे टेकून बसल्या. गुडघे दुखतात म्हणून चर्चमध्येसुद्धा त्या बसत नाहीत. तिचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवून त्यांनी अगदी सावकाश, ओठ मोठे करून काहीतरी म्हटलं. बोटीचा भोंगा वाजत होता, मला ऐकू आलं नाही. रूला त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होती.

मी बॅग खांद्याला लावली, रूलाचा हात धरला आणि बोटीच्या फळीवर चढले.