फेरसादर

सकाळच्या भाकऱ्या थापून शरणम्मा उदगीरला निघाली. नवरा श्रीशैल वारल्याला दोन वर्षं झाली होती, पदरात एक मुलगी होती. "वैनी, शेताचं तर काय जमलं न्हाई, निराधारचा पगार तरी सुरू करून घ्या," असं दीर रामलिंगनंच सुचवलं होतं. त्या घरात तिच्याशी मायेनं बोलणारा तो एकटाच होता.

शरणम्मा भालकीकडची, कानडी शाळेत शिकलेली. मराठी अक्षरं तिला जुळवता येत, पण सरकारी शब्द कळत नसत. नवऱ्याच्या शेताला वारस म्हणून नाव लावायचा तिचा अर्ज तलाठ्याकडून परत आला होता, तेव्हा खालचा शेरा तिनं बोट ठेवून वाचला आणि रामलिंगला विचारलं, "फेरसादर म्हणजे काय हो, भाऊजी?"

"नामंजूर," तो म्हणाला.

विधवेचं नाव शेताला लागत नसतं, अशी समजूतही त्यानं घातली. सासू पार्वतीबाई शेजारीच होत्या, त्यांनी हो म्हटलं. तेव्हापासून शरणम्मा त्याच शेतात रोजानं आलेल्या बायांबरोबर खुरपत होती.

तहसीलमधल्या सिंधू नावाच्या कारकून बाईंनी शेताबद्दल विचारलं, तेव्हा तिनं तो अर्ज पुढं केला.

"नामंजूर कुठं हाय हे? फेरसादर म्हणजे पुन्हा द्या," बाई म्हणाल्या. मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता, तेवढा जोडून अर्ज परत द्यायचा होता. बायको, मुलगी आणि आई, तिघींचीही नावं लागतात, हेही त्यांनी सांगितलं.

शरणम्मानं अर्ज परत घेतला. तो दाखला अर्जाला जोडायला म्हणून तिनं स्वतः रामलिंगच्या हातात दिला होता.

घरी येऊन तिनं विचारलं, तेव्हा रामलिंगनं नाकारलं नाही. उद्या तुम्ही शेत विकून माहेरी गेलात तर, म्हणाला. शरणम्मा सासूकडं वळली.

"आत्याबाई, तुमाला ठाऊक होतं?"

"एकच पोरगा उरला, बाई. त्याला दुखवू कसं?"

"गेले ते तुमच्या पोटचे नव्हते का? आन् तुमचंबी नाव लागतंय त्या शेताला. भाऊजींनी सांगितलं का तुमाला?"

पार्वतीबाईंनी रामलिंगकडं पाहिलं. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

दाखल्याची नवी प्रत काढून शरणम्मानं अर्ज पुन्हा दिला. सोबत कुणी बाप्या माणूस नाही का, असं तलाठ्यानं विचारलं. "न्हाई, अर्ज माझा हाय," ती म्हणाली.

तिघींची नावं लागली. रामलिंग तिच्याशी बोलत नाही. शरणम्मानं भरलं घर फोडलं, असं गावात बोललं जातं. ते कुणी आणि कधी फोडलं, हे मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.