मावशीसाठी सोडलेल्या जागा

डब्याचं झाकण निसटलं, फरशीवर गोल गोल फिरत राहिलं आणि बऱ्याच वेळाने पालथं पडून गप्प झालं. मग स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "बंद कर ते."

ते म्हणजे तिचंच गाणं. दुपारी लेक झोपते तेवढाच माझा वेळ. बाहेरच्या खोलीत मोबाइल मांडीवर ठेवून अगदी बारीक आवाजात लावलं होतं. आई एक ओळ गायची आणि थांबायची. अशाच एका थांबण्यात झाकण पडलं.

आई आणि मावशी लोकगीतं गायच्या. आई पुढे, मावशी मागे झील धरायला. आईची ओळ संपते न संपते तोच मावशी ती उचलायची. उभा जन्म दोघी शेजारी बसून गायल्या. तीन वर्षांपूर्वी त्यांचा अल्बम करायचं ठरलं. स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगवाल्या काकांना दोन्ही आवाज वेगवेगळे, स्वच्छ हवे होते. म्हणून पहिल्या दिवशी आई एकटी गायली. आठ गाणी, मावशीच्या जागा मोकळ्या सोडत. दुसऱ्या दिवशी मावशीच्या कानांना हेडफोन लावले आणि मावशी प्रत्येक ओळीला उशिरा आली.

"ताई, ऐकू येतंय ना नीट?" काकांनी काचेपलीकडून विचारलं.

"ऐकू येतंय हो. ती दिसत नाहीये ना!"

मावशी कान देऊन झील धरतच नव्हती कधी. ओळ संपत आली की आईचा डावा खांदा जरासा वर व्हायचा, तिची सगळी नजर त्यावर. हे आईलाही त्या दिवशीच कळलं. सगळे पोट धरून हसले, मावशी सगळ्यांत जास्त. पुढच्या महिन्यात दोघींना समोरासमोर बसवू, असं ठरलं. पुढच्या महिन्यात मावशीच राहिली नाही. तेव्हापासून आई साधं गुणगुणलेलीही मी ऐकली नाही.

आता काका स्टुडिओ बंद करताहेत. परवा त्यांनी गाणी पाठवली आणि मागोमाग फोन केला. "झील तू धर, पोरी. शुक्रवारपर्यंत सांग. नाहीतर ही अशीच राहून जातील."

येते मला झील. मावशीच्या मांडीला मांडी लावूनच वाढले मी. पण दोन दिवस आईसमोर तोंड उघडत नव्हतं.

आई मटाराच्या शेंगांची परात घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर बसली. "बंद कर म्हटलं ना?"

"काका म्हणताहेत, झील मी धरावी."

तिने एक शेंग सोलली. दाणे परातीत टाकलेच नाहीत, मुठीत धरून बसली. "तिच्या जागी?"

"जागा तिचीच गं. मी आपली राखते म्हण."

"मोठी आली राखणारी! रोज दूध उतू जातं तुझं."

मोबाइल बंद करायचा राहूनच गेला होता. त्यातली आई ओळीच्या शेवटाशी आली, आणि समोरच्या आईचा डावा खांदा हलला. मुठीत दाणे तसेच. तिला स्वतःला पत्ताही नसावा.

मी ओळ उचलली. लेक उठू नये म्हणून दबक्या आवाजात, घसा खरखरत, पण शेवटपर्यंत नेली.

आईने मूठ उघडली. मग एकेक दाणा परातीत सोडत म्हणाली, "सूर पडलाय तुझा." शेवटचा दाणा सोडून म्हणाली, "पण वेळेवर आलीस."

"मग काकांना हो म्हणू?"

"मी सोबत येणार. मधे काच असली तरी चालेल, खांदा दिसला म्हणजे झालं. आणि ते शेवटचं गाणं आहे ना, त्याला हात लावायचा नाही. ते तसंच जाऊ दे."

शेवटच्या गाण्यात एक बहीण विचारते आणि दुसरी उत्तर देते. मी ते लावलं. या वेळी आई बंद कर म्हणाली नाही.

तेवढ्यात लेक उठून आली. गालावर उशीची घडी उमटलेली. आजीच्या मांडीत शिरली आणि परातीतले दाणे तोंडात टाकू लागली.

"आजी मधेच का थांबते?"

"तिथे मावशीआजीची पाळी असते," मी म्हटलं. फोटोतली मावशीआजी तिला माहीत आहे.

लेकीने मोबाइलला कान लावला. चावायचं थांबवून ऐकत राहिली. आत काहीच नव्हतं, नुसती बारीक खरखर. मग मोबाइलमधल्या आईने पुढचा प्रश्न उचलला, जिथे उचलायचा तिथेच.

लेकीने कान काढला. आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पण आजीला कसं कळलं, मावशीआजीचं गाऊन झालं ते?"