वामीची जागा

सायखेड्याच्या भोईवाड्यात बहिरूइतकी नदी कुणाला ठाऊक नव्हती. पाणी गढूळलं की मरळ मासा कुठल्या लव्हाळ्यात शिरतो, पूर ओसरायला लागला की सापासारखी लांबट वाम कोणत्या कपारीतून तोंड बाहेर काढते, सगळं त्याला तोंडपाठ. पण कुणी विचारलं, तर तो एवढंच म्हणायचा, "नदीला विचार."

त्याला कारणही तसंच घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या एका हौशी माणसाला त्याने मोठ्या मनाने एक जागा दाखवली. त्या माणसाने तिचा व्हिडिओ काढून मोबाईलवर टाकला. पुढच्या रविवारी काठावर पंधरा-वीस जण गळ टाकून बसलेले. दोन महिन्यांत तिथला डोह माशांवाचून रिकामा झाला. तेव्हापासून बहिरूने तोंडाला कुलूप लावलं आणि गावाच्या खालच्या अंगाला, जिथे नदी वळण घेते, तिथे नवी जागा हेरली. जांभळीचा डोह. धार खडकावर आपटून माघारी फिरायची आणि पुराने वाहून आणलेलं सगळं त्या डोहात बसायचं. म्हणूनच तिथे वामी. ही जागा त्याच्याशिवाय फक्त मालनबाईला, त्याच्या बायकोला, माहीत होती.

नवनाथ गळाच्या नादाने त्यांच्याकडे यायला लागला तो उन्हाळ्याच्या अखेरीस. नाशिकमधल्या एका शाळेत क्लार्क होता, वय पस्तिशीचं. गडबड नाही, गोंगाट नाही. खिशातली वही काढून पाण्याचा रंग, वारा, वेळ टिपून ठेवायचा. मालनबाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या सायखेड्यात मिळेनात, तर न सांगता शहरातून घेऊन आला. बहिरूला तो आवडायचा. अन् त्या वहीची भीतीही वाटायची.

श्रावणातल्या एका शुक्रवारी त्याचा फोन आला. "मामा, रविवारी येतोय. या खेपेला वाम लागलीच पाहिजे. कुठं बसू? किती वाजता?"

बहिरू जरा घुटमळला. मग म्हणाला, "जुन्या बंधाऱ्याच्या खाली जावा. मधला खडक हाय ना, त्याच्यावर बसा. उजाडता उजाडता. ऊन चढलं का मासा खाली जातो."

वेळ खरी होती. जागा खोटी. त्या खडकाशी कधी कुणाला वाम लागली नव्हती. माणूस एकदा हात हलवत परत जाईल, दोनदा जाईल, मग आपोआप नाद सोडील, एवढाच बहिरूचा हिशेब होता.

शनिवारी संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगितलं गेलं, पहाटे वरच्या धरणातून पाणी सोडणार, नदीपात्रात कुणी उतरू नये. मालनबाई अंगणात मासे साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, "अहो, नवनाथरावांना फोन करा. उद्या यायचेत ना ते?"

"करतो."

त्याने फोन हातात घेतला. पण सांगायचं काय? तिथं बसू नका म्हटलं, तर तो विचारणार, मग कुठं बसू? आणि पाणी काय, आपल्या अंदाजाने दहाच्या आत इथवर पोचत नाही. तोवर कंटाळून निघून गेला असेल. बहिरूने फोन कोनाड्यात ठेवून दिला.

"केला का?"

"केला."

पण धरणाखालच्या ओढ्यांनाही त्या रात्री पाणी आलं होतं, आणि बहिरूचा अंदाज आयुष्यात पहिल्यांदा चुकला. सकाळी साडेसहाला नदीचा आवाज बदललेला ऐकून तो अंथरुणातून उठला आणि तसाच अनवाणी धावला. बंधाऱ्याजवळ बाभळीखाली मोटारसायकल उभी होती. हँडलला हेल्मेट लटकवलेलं. मधला खडक दिसत नव्हता. त्याच्यावरून तांबडं पाणी चाललं होतं. "नवनाथराव!" तो ओरडत राहिला. घसा बसला तरी ओरडत राहिला.

रविवारभर बचाव पथकाची बोट पुलाच्या आसपास शोधत होती. कुठे शोधायचं ते बहिरूला कळत होतं, पण पाण्याला इतका जोर होता की त्या वळणावर कुणाला उतरताच येईना. सोमवारी पाणी उतरलं, तसा तो पोलीस पाटील धोंडीरामला म्हणाला, "पुलापाशी नाय. माझ्या मागं या."

सगळे त्याच्या मागून जांभळीच्या डोहावर गेले. पथक, पोलीस, निम्मं गाव. टायरच्या ट्यूबवर बसून बहिरू एकटा आत गेला. काठच्या जांभळीच्या मुळ्यांच्या जाळ्यात त्याच्या हाताला सदऱ्याची बाही लागली.

नवनाथची बायको स्नेहा काठावर बसली होती. मालनबाईने तिला धरलं होतं. चादर टाकून झाल्यावर स्नेहाने बहिरूकडे पाहिलं. "मामा, पाणी सोडणार हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मालनबाईच बोलली. "माहीत व्हतं ना बाई. यांनी शनवारी फोन केला व्हता की."

"शनिवारी आम्ही घरातच होतो. फोन आला नाही."

धोंडीराम पाटील घाईने म्हणाला, "रेंज नसंल लागली. या नदीकाठाला असंच हाय."

उत्तर आयतं समोर आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाय," बहिरू म्हणाला. "म्या फोन केलाच नाय." आणि मग त्याने बाकीचंही सांगितलं. बंधाऱ्याचा खडक, खोटी जागा, ही खरी जागा, सगळं.

स्नेहा डोहाकडे वळली. तिने विचारलं, "किती मासे मिळतात हो इथं?"

"दिसाला चार-पाच वामी."

तिने मान डोलावली. उठली, आणि कुणाचा हात न धरता गाडीकडे चालत गेली.

कागदोपत्री पुरात बुडून मृत्यू अशी नोंद झाली. बहिरूवर कसलाही गुन्हा दाखल झाला नाही. गावातले काही जण तर म्हणाले, त्याने पाणी थोडंच सोडलं? मालनबाई नवनाथच्या तेराव्या दिवसापर्यंत घरात होती, रांधत होती, वाढत होती. चौदाव्या दिवशी ती विंचूरला भावाकडे निघून गेली.

महिन्याने बहिरू तिला आणायला गेला. तिने त्याला बसायला घोंगडी दिली, चहा दिला.

"चल घरी," तो म्हणाला. "काय त्ये माझ्याकडून घडलं. सगळ्यांपुढं कबूल केलं ना म्या."

"सोमवारी केलं," मालनबाई म्हणाली. "म्या शनवारी विचारलं व्हतं. केला का म्हणून. तवा नाय म्हणला असता, तर म्या केला असता फोन."

रिकामा कप उचलून ती आत गेली ती बाहेर आली नाही. बहिरू तिन्हीसांजेपर्यंत ओट्यावर बसला, आणि मग शेवटच्या गाडीने एकटाच सायखेड्याला परतला.