बांधणीचं फडकं

सोजरबाईंनी पोथी दोन्ही हातांनी उचलून विजयमालेच्या मांडीवर ठेवली. वरच्या गाठीवरचा हात मात्र लवकर काढला नाही.

"फडकं सोडू नको वं पोरी. जशी हाये तशी जाऊ दे."

"बरं, बरं," विजयमाला म्हणाली. बाळ वाशीमला शेजारणीकडे होतं, दूध भरून आलं होतं, आणि परतीची दमणी बैल जुंपून दारात थांबली होती.

नागपूरच्या विद्यापीठाचं ग्रंथालय वऱ्हाडातल्या जुन्या हस्तलिखित पोथ्या गोळा करत होतं. तिच्या प्राध्यापकांनी जुन्या विद्यार्थ्यांना कळवलं होतं : घरच्यांना समजावा, पोथी कुणाची, कुठल्या गावची ते चिठ्ठीवर लिहा, जुन्या कापडात कसरीची कीड असते, म्हणून नव्या मांजरपाटात बांधून पाठवा. रिठदची ही पोथी हाती आली, तेव्हा कॉलेजातल्या विजयमालेला कुणीतरी पुन्हा हाक मारल्यासारखं वाटलं होतं.

घरी तिने गाठ सोडली. निळ्या काठाच्या लुगड्याचा तुकडा, धुऊन धुऊन सायीसारखा मऊ झालेला. बाळाला लंगोट कमीच पडत होते. तिने तो फाडला.

संक्रांतीच्या आधी सोजरबाई वाशीमला तिच्या दारात उभ्या राहिल्या. ओच्यात बोरं.

"पोथी पोचली का वं?"

"पोचली. कपाटात ठेवलीय. वर तुमचं नाव लिहिलंय."

"माह्यं नाव कायले? मले तं वाचता बी येत नाही!" त्या हसल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, "पोथी राहू दे तठी. थे फडकं तेवढं मांगून दे. माह्या लेकीचं लुगडं होय थे, गोमीचं. दुसरं तिचं काही उरलं नाही."

विजयमाला बोरं सुपात ओतत होती. एक घरंगळलं, ते उचलायला ती वाकली आणि वाकूनच राहिली.

"तेही तिथंच आहे. पोथीबरोबर. जपून ठेवलंय त्यांनी."

"असं? मंग बरं हाये."

पाळण्यात बाळ रडलं. विजयमाला उठायच्या आत सोजरबाईंनी त्याला मांडीवर घेतलं, ओला लंगोट सोडला, दोरीवरचा वाळलेला ओढला. निळ्या काठावर त्यांचा अंगठा थांबला. एकदा फिरला, परत फिरला. ओल पाहावी तसा त्यांनी तो तुकडा गालाला लावला. मग बाळाला नीट बांधला.

"मऊ हाये," त्या म्हणाल्या. "पोराले टोचत नसन."

"चहा ठेवते..."

"नको. मोटर निघून जाईन."

उरलेले तुकडे विजयमालेने धुऊन घडी करून ठेवले आहेत. रिठद काही लांब नाही. पण कधी बाळाला सर्दी असते, कधी शेजारीण घरी नसते.

तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असाल, तर रिठदला उतरा. सोजरबाईंचं घर कुणीही दाखवेल. त्या जेवतात ना, कुणाशी बोलतात ना, एवढं बघून या. कुणी पाठवलं, ते त्यांना सांगावं लागणार नाही.