परदेशी दार आणि अडलेला गणपती

मी गोव्यातल्या सर्वण गावच्या विमलाबाईंच्या घराचा दरवाजा बोलतोय. रंग तांबूस, अंग जाड, कडी पितळेची. येणाराजाणारा माझ्यावर टकटक करतो आणि विचारतो, "सागवान काय?" विमलाबाईंचा मुलगा देवेश छाती फुगवून सांगतो, "नाय, इम्पोर्टेड." मग तो माणूस आणखी एकदा टकटक करतो.

माझा जन्म आफ्रिकेतल्या एका जंगलातला. माझ्या सावलीत बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या उतरवून बसायच्या. एक म्हातारी माझ्या सालीचा कडू काढा नातवंडांना पाजायची. काढा ती करायची आणि शिव्या मात्र मला मिळायच्या.

मग जंगलात रस्ता आला. आम्हाला वाटलं, चला, बायकांची पायपीट वाचली. पण रस्ता आमच्यासाठी होता. यंत्रं आली आणि मी आडवा झालो. समुद्र मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो जहाजावर आडवं पडून. घाई इतकी, की मला धड सुकूसुद्धा दिलं नाही. डिचोलीत शिवदास यांच्या लाकडाच्या वखारीत चिरला गेलो आणि ऐन उन्हाळ्यात इथं बसलो.

देवेश मांद्र्याला समुद्रकिनारी गेस्टहाऊस बांधत होता. तिथल्या सगळ्या खोल्यांना माझ्याच जातीची दारं लावायची होती. मी म्हणजे नमुना. आधी आईच्या घरी लावून बघितलेला.

पाऊस लागला आणि मी फुगायला लागलो. आधी कुरकुरलो, मग घासायला लागलो. माझं कोणी मनावर घेतलं नाही.

चवथीच्या सकाळी देवेश आणि त्याची बायको सुविधा, दोघं मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून गणपती आणायला गेली. विमलाबाई घरात माटोळी सजवत होत्या. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफळांची चौकट. पूर्वी त्या ही फळं मागच्या डोंगरावरून आणायच्या. तो डोंगर खाणीत गेला, तेव्हापासून डिचोलीच्या बाजारातून आणतात. वारा सुटला, पाऊस आत यायला लागला, म्हणून त्यांनी मला ढकलून बंद केलं. मी असा घट्ट बसलो की हलेना.

इतक्यात देवेश डोक्यावर गणपती घेऊन अंगणात आला. सुविधा छत्री धरून होती. शेजारचा धाकू घंटा वाजवत होता.

"देवेशा, दार उघडत नाय रे," आतून विमलाबाई म्हणाल्या.

"मागल्या दारान जावया," धाकू म्हणाला.

"देव काय मांजर आसा, मागल्या दारान येवक?" विमलाबाई आतून ओरडल्या.

"मगे कुराड आणतंय," धाकू म्हणाला.

कुऱ्हाड हा शब्द मला कुठल्याही भाषेत कळतो. मी अंग चोरायचा खूप प्रयत्न केला, पण फुगलेलं अंग चोरता येत नाही.

"कुराड नको," सुविधा म्हणाली. "आई, तुमी आतसून ओढा, आमी भायरसून ढकलतंव."

तिनं आणि धाकूनं खांदा लावला. मी धाडकन उघडलो, विमलाबाई मागच्या मागे बसल्या आणि बसल्या बसल्या हसायला लागल्या. गणपती पुढच्या दारानं आत आला.

दुसऱ्या दिवशी शिवदास दर्शनाला आले. विमलाबाईंनी त्यांच्या हातात नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, बशी दिली आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"लाकूड ओलां होतां," शिवदासनी कबूल केलं. "तिकडे झाडां पाडूची घाय. सुकवूक कोणाक वेळ नाय."

"तिकडे म्हणजे खंय?"

"आफ्रिकेत."

"थंय माणसां रवतत मां?"

तिथं माणसं राहतात का, या प्रश्नावर शिवदासनी हातातली नेवरी बशीत परत ठेवली. "रवतत."

विमलाबाई देवेशकडे वळल्या. "त्यांच्या डोक्यावरची सावली काढून माज्या दाराक लावलंस तू. आमचो डोंगर गेलो, तेवा आमकां कसां वाटलां होतां?"

"आई, ह्यां झाड आता परत उभां रवतलां काय?"

"ह्यां नाय. पुढची तरी रवतली. बाकीची दारां मागवू नको."

"मगे मांद्र्याक काय लावू? जुनी दारां? पावणे काय म्हणतले?"

"पावण्यांक दार उघडलां म्हणजे पुरे."

दोन दिवसांनी पेडण्यात एक जुनं घर पाडत होते, तिथली दारं देवेश गेस्टहाऊससाठी टेम्पोत भरून घेऊन आला. एक उंच, एक बुटकं, एक निळं. पाहुणे आता खोलीपेक्षा दारांचेच फोटो जास्त काढतात. एका गेस्टहाऊसनं जंगल वाचत नाही, हे मलाही कळतं. शिवदासच्या वखारीत माझे भाऊबंद अजून उतरतातच.

मलाही काढून टाकायचं देवेशच्या मनात होतं. विमलाबाईंनी साफ नकार दिला. पाऊस संपून मी वाळल्यावर कृष्णनाथ सुतारानं माझ्या कडांवर रंधा मारला. मला खूप गुदगुल्या झाल्या. आता मी एका बोटानं उघडतो.

तेव्हा बाबांनो, रंग उडाला, फॅशन बदलली म्हणून मला काढू नका. जितकी वर्षं मी तिथं जंगलात उभा होतो, निदान तितकी वर्षं मला इथं उभं राहू द्या.