खुणेची कोबी

एखादी वनस्पती नामशेष होणं ही अखिल मानवजातीची हानी असते. धक्क्यावरच्या फलकावर तसं कोरून ठेवलंय आणि त्याच फलकाला रोज सकाळी बकऱ्या पाठ घासतात. मानवजातीपैकी नऊशे माणसं आमच्या बेटावर राहतात. त्यांतली नोल्विया सोडून बाकीच्यांनी ही हानी बऱ्यापैकी सोसली.

नोल्विया सरकारी रोपवाटिकेत कामाला. तिथे एक कोबी आहे. नाव कोबी, पण उंची दोन पुरुष, पानं परातीएवढी, आणि वसंतात नारिंगी फुलांचे घोस. या झाडाला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, दुसरं झाड लागतं. दुसरं रानात कुठेच उरलं नव्हतं. म्हणजे उरलं होतं, पण ते नोल्वियाच्या बापाचं होतं.

तिचा बाप डोन एरिबेर्तो शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरायचा. आमच्याकडे समुद्रातली जागा खुणांवर चालते: बोटीतून बघताना अमका सुळका तमक्या खडकाच्या बरोबर वर आला की खाली सापळा सोडायचा. खूण बापाकडून मुलाकडे जाते. ती फोडणाऱ्याच्या प्रेताला खांदा मिळत नाही. एरिबेर्तोची खूण होती कड्यावरची कोबी.

"पापा, मला नुसते परागकण हवेत. तुमच्या शेवंडींशी मला काय करायचंय?" बारा वर्षांपूर्वी नोल्विया म्हणाली. मी शेजारी, तेव्हा तिथेच बसलो होतो.

"तुला नाही गं. पण तुला सांगितलं म्हणजे तुझ्या उशीला सांगितलं, आणि त्या उशीवर हा घोरतो."

हा म्हणजे जावई सिल्वानो. तोही शेवंडीच धरायचा. म्हणाला, "सासरेबुवा, मी झोपेत ऐकत नाही."

"जागेपणी तरी कुठे ऐकतोस?"

पुढे दर वसंतात तिने विचारलं. पहिली दोन वर्षं म्हातारा ओरडून नाही म्हणाला, नंतर नुसती मान फिरवू लागला. आम्हाला वाटलं, मऊ पडतोय.

यंदा ऑगस्टमध्ये त्याच्या फुप्फुसात पाणी झालं. खंडावरच्या इस्पितळात न्यायला आलेलं विमान ढगांमुळे उतरलंच नाही. तेव्हा त्याने तिला खूण सांगितली. "ऐरण डोंगराचा डावा खांदा पांढऱ्या खडकावर आण. मग वर बघ, नारिंगी दिसेल." आणि तिचं मनगट धरून म्हणाला, "वर चढू नकोस, पोरी. बोटीतूनच बघ. बोटीतून छान दिसते." पहाटे तो गेला.

खूण समुद्रावरची, म्हणजे शोधायचीही समुद्रावरूनच. ऑक्टोबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, आम्ही सिल्वानोच्या बोटीतून निघालो. नोल्वियाच्या खिशात पराग टिपायला दाढीचा ब्रश आणि कागदी पाकीट होतं. ऐरणीचा खांदा खडकावर आला तसं सिल्वानोने इंजिन बंद केलं. कड्यावर खरंच नारिंगी ठिपका होता.

"फुललीये!" नोल्विया एकदम उभी राहिली आणि बोट डुचमळली. "अगं बाई, फुललीये!"

चढायला चार तास लागले.

वर कोबी होती. म्हणजे खोड होतं, बकऱ्यांनी साल सोलून खाल्लेलं, वाळून करडं पडलेलं. टोकाला नारिंगी बोया बांधला होता, पाण्यावर जागा दाखवायला सापळ्याला बांधतात तसला. गाठ एरिबेर्तोची. बुंध्याशी आणखी चार बोये पडले होते, उन्हाने पांढुरके झालेले. रंग उडाला की म्हातारा चढून नवा बांधत असणार. शेवटच्या वेळी तो त्र्याहत्तर वर्षांचा होता.

इथल्या उन्हात बोयाचा रंग दोन वर्षं टिकतो. नोल्वियाने बोये मोजले.

"दहा वर्षं," ती म्हणाली. "मी बारा वर्षांपूर्वी विचारलं होतं."

तिने पाकीट काढलं, उघडलं, आत पाहिलं आणि घडी घालून पुन्हा खिशात ठेवलं. खोडावरून एकदा हात फिरवला. सिल्वानोने घसा खाकरला.

"बोया सोडून घेऊ का? त्यांची आठवण म्हणून?"

"राहू दे. तुला लागेल."

लागला. पुढच्याच आठवड्यात तिथे चौदा शेवंडी मिळाल्या.